सुनंदाच्या कॅसेटमधलं एक वाक्य

आमच्या घरात असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारं कोणीच नव्हतं. उलट, विश्वास ठेवणाऱ्यांचा अभ्यास करणं हेच माझ्या पत्नीचं, सुनंदाचं काम. ती समाजशास्त्राची प्राध्यापक. उडत्या तबकड्या पाहिल्या असं कोण म्हणतं, ते आधी कोणाला सांगतं, गाव त्यावर काय म्हणतं — हा तिचा विषय. १९९७ च्या सुमारास मुरबाड-शहापूरच्या वाड्यांमधून तिने अशा मुलाखती घेतल्या. मी शाळामास्तर. सुट्टीत टेपरेकॉर्डर सांभाळायचो आणि घरी आल्यावर कॅसेट ऐकून शब्दन् शब्द कागदावर उतरवायचो.

तिचा नियम एकच होता, आपलं मत सांगायचं नाही. सांगितलं की माणसं आपल्याला आवडेल तेच बोलू लागतात.

सिद्धगडाच्या पायथ्याला जनाबाय राहायची. नवरा गेला त्या वर्षी, दिवेलागणीला, तिला गडावर परातीएवढं काहीतरी तरंगताना दिसलं होतं. सगळं सांगून झालं आणि ती सुनंदावर उखडली.

"मगासधरना मलाच इचारतेस गो! तुजा हाय का इश्वास? का येडी म्हणून लिवून नेतेस मला?"

सुनंदा नुसती हसली. मी हातभर अंतरावर होतो. कागदावर माझ्याच अक्षरात आहे — 'हसतात. उत्तर नाही.' उतरवताना ती कॅसेट मी दोनदा ऐकली होती.

२००४ मध्ये सुनंदा गेली. कॉलेजने तिच्या कॅसेटी मागितल्या. देण्याआधी ऐकायला बसलो... तिच्या आवाजासाठी. पण चांगला मुलाखतकार बोलतो कुठे? तासन्‌तास फक्त "हं" आणि "मग?". मी तेवढ्यासाठीही ऐकत राहिलो.

एका दुपारी जनाबायची कॅसेट लावली. प्रश्न आला. हसणं आलं. आणि मग, हळू पण स्पष्ट —

"आहे, आजी. पण यांना सांगू नका हं. लगेच लिहून घेतील."

रविवारी टेप घेऊन एस.टी.ने वाडीवर गेलो. सुनंदा गेल्याचं सांगितलं. जनाबाय बराच वेळ माझा हात धरून बसली. मग मी विचारलं, त्या दिवशी तुमच्या प्रश्नावर ती काही बोलली होती का?

"नाय मास्तर. नुस्ती हसली. मला रागच आलेला तिचा."

मी कॅसेट लावली. म्हातारीने कान टेपला टेकवून ऐकलं. पदराने डोळे पुसले.

"आत्ता बोलली," ती म्हणाली. "येळ लागला तिला. परत लावा."

आम्ही चार-पाच वेळा ऐकलं. दर वेळी वाक्य होतंच.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. त्या वेळी मी ऐकण्यात चुकलो असेन, तर जनाबायसुद्धा चुकली का? ठाऊक नाही. बाकीच्या सगळ्या कॅसेटी मी कॉलेजला दिल्या. ही खराब झाली, असं कळवलं. सुनंदाच्या कामात मी केलेली ही एकच लबाडी... आणि तिला ती चालली असती, असं मला वाटतं.