भिंतीवरचा चष्मा

जेवण झालं की बायको शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचायची आणि मी ऐकायचो. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे वाचायचं काम लग्नापासून तिच्याकडे. त्या दुपारीही ती उंबऱ्याशी उजेडाला बसली, पुस्तक मांडीवर उघडलं आणि दुष्काळातल्या त्या विधवेची गोष्ट घेतली. तिच्या घरी संदेष्टा उतरतो, मग मडक्यातलं पीठ सरत नाही की कुपीतलं तेल आटत नाही. पुढे तिचा मेलेला पोरगाही तो उठवतो, तेव्हा कुठे बाईची खात्री पटते की हा देवाचा माणूस.

एक शब्द चुकला नाही तिचा. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसलं, मांडीवर गोष्टीचं पान नव्हतं, स्तोत्रं उघडी होती. स्तोत्रांच्या ओळी तोकड्या असतात, एवढं मलाही कळतं.

मी पाणी पिऊन परत येऊन बसलो. बोलून झालं होतं सगळं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी जन्मभर सळया उचलल्या. खांदा गेला तसे आम्ही पळस्प्याला, हायवेच्या कडेला खोली घेऊन राहिलो. समोर रस्त्यापलीकडे एका गाळ्यात एक माणूस सभा घ्यायला लागला. लोक त्याला संदेष्टा म्हणायचे. आमच्या चर्चचे जुने पाळकसाहेब उपदेश करायचे आणि जाताना खोकल्याची चौकशी करायचे. हा तसा नव्हता. हा बोट दाखवायचा.

पहिल्याच सभेत त्याने आमच्या रांगेकडे बोट केलं. "हिरव्या साडीतल्या ताईंना डोळ्यांचा त्रास आहे, असं प्रभू मला दाखवतोय."

मी तिच्या कानात म्हटलं, "सोडावॉटरच्या बाटलीचं बूड डोळ्याला लावून बसलीस. मलाही दाखवतोय प्रभू."

तिने मला चिमटा काढला. "गप बसा हो."

त्याने तिचा चष्मा काढला, डोळ्यांवर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, "सगळं दिसतंय." लोक रडले. त्याच्यामागे भिंतीवर खिळे होते, त्यांना कुबड्या, काठ्या, कंबरेचे पट्टे टांगलेले. तिचा चष्मा तिथे गेला. तो म्हणाला, मला अधिकार कोणी दिला असं विचारतात ना, ही बघा खूण.

त्या दिवशी तिला दिसलं असेलही. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. घरी येऊन तिने सुई ओवली. मग हळूहळू दोरा सुईच्या बाजूने जायला लागला. चहात मुंग्या यायच्या. मी तिच्या आधी कप बघून घ्यायचो.

आणि तो दर सभेला तिला पुढे उभी करायचा, हातात शास्त्र द्यायचा आणि वाचायला लावायचा. तिला पाठ होतं. पान उघडून ती म्हणायची, लोक हात वर करायचे. नवीन लोक तिच्याकडे बघून विश्वास ठेवायचे.

"दुसरा चष्मा करू," मी म्हटलं.

"आता लावला तर देव खोटा पडेल."

"देव कशाला पडतोय खोटा? तो माणूस पडेल."

"तुमची जीभ झडत कशी नाही!" एवढं बोलून ती हसली. मग हसू गेलं. "इतक्या लोकांसमोर साक्ष दिली हो मी. माझ्याकडे बघून बाया औषधं सोडून आल्यात. त्यांना काय तोंड दाखवू?"



रस्ता ती कानाने ओलांडायची. कडेला उभी राहायची, मान जरा वाकडी करून. कंटेनर लांबून ऐकू येतो, जमीन हलते. मी हात धरायचो तर म्हणायची, सोडा, सभेची माणसं बघतायत, हिला धरून आणावं लागतं म्हणतील. त्या आठवड्यात रस्ता रुंद करायला मशिनी आल्या. दगड फोडायचा आवाज सकाळी सुरू व्हायचा, तो जेवणाची सुट्टी सोडली तर दिवस मावळेपर्यंत. भांडी थरथरायची. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं कळायचं नाही, लांबच्या गाडीचं काय कळणार! मी म्हटलं, काम होईपर्यंत सभा नको. ती म्हणाली, आज नवीन लोक येणार आहेत, मला वाचायचंय.

त्या दुपारी शास्त्र मिटून, फडक्यात बांधून ती निघाली. मी बरोबर होतो. रस्त्याशी तिने माझा हात झटकला, मान वाकडी केली, थांबली. सुट्टी संपून मशीन पुन्हा चालू झाली होती. तिने पाऊल टाकलं.

मी ओरडलो. मलाच माझा आवाज ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला दवाखान्यातून आणायच्या आधी, मी गाळ्यात गेलो. तो खुर्च्या लावून घेत होता. मला बघून जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "बाबा, ताई आता प्रभूला समोरासमोर बघतायत."

मी भिंतीशी गेलो आणि चष्मा काढला.

"तो राहू द्या बाबा. ती खूण आहे."

"खूण तुमची असेल. चष्मा माझ्या बायकोचा आहे."

तो आणखी काही बोलला. मी थांबलो नाही. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघितलं.

पेटीवर झाकण ठेवताना मी पाळकसाहेबांना म्हटलं, जरा थांबा. भिंगांवर धूळ बसली होती. सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि तिला चष्मा लावला. एका कानामागे काडी बसेना, तिकडे लागलं होतं. ती मी हाताने धरून ठेवली, झाकण येईपर्यंत.