वाकिदीने कुटलेली गोळी

आमच्या वाकिदीला नाही म्हणता येत नाही. इंडोनेशियातल्या तुलुंगागुंगच्या आमच्या गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. समोरच्याने काही सांगितलं की मान खाली घालून “हो जी” म्हणायचं, कळलेलं असो वा नसो. शिकल्या-सवरलेल्या माणसाला पुन्हा सांगायला लावणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्याच्या आईने शिकवलेलं. आमच्याकडे निम्म्या लोकांना हेच शिकवलंय म्हणा, पण बाकीचे निदान बाहेर येऊन दुसऱ्याला विचारतात.

तो संगमरवराच्या कारखान्यात दगड घासतो. बायको तुमियाती चार वर्षं तैवानला, एका म्हातारीच्या सेवेला. घरी तो आणि पंधरा वर्षांची वेनिंग. वेनिंगला अर्धशिशी. डोकं उठलं की पोरगी खिडक्या लावून उशीत तोंड खुपसते आणि हा बाहेर पायरीवर बसून राहतो.

औषधाच्या बाबतीत मात्र त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. दुखण्याच्या भरात मुलं हाताला लागतील तेवढ्या गोळ्या घेतात, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तर याने कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. गोळी दिली की कॅलेंडरवर खूण. अडचण एकच होती. वेनिंगला गोळी गिळता येईना, घशाशी आली की उलटी. आमच्या लहानपणी औषधं कुटून पुड्यांतच मिळायची, म्हणून याने शेजारच्या माझ्या घरातून खल नेला. माझी पेचेलची, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्यांची गाडी, चटणीचे शेंगदाणे कुटायला दोन-तीन खल घरात असतातच. पहिला महिना साध्या गोळ्या कुटून केळ्यातून दिल्या, काही बिघडलं नाही.

मग बाईंनी गोळी बदलली. दिवसाला एकच, पण जोरकस, पोटात गेल्यावर दिवसभर हळूहळू विरघळणारी. औषधाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, अख्खीच गिळायची, कळलं ना? हा म्हणाला, हो जी. मागे रांग उभी आहे एवढंच त्याच्या मनात होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

रविवारी सकाळी त्याने ती कुटली. दगड घासणारा हात तो, तोंडाला लावायच्या पावडरीसारखं मऊ पीठ केलं. दोनेक तासांत वेनिंग न्हाणीच्या दाराशी कोसळली.

त्याची हाक ऐकून मी धावले. पोरीचे हात गार, ओठ पांढरे. नाडी सापडेचना, सापडली तेव्हा एका ठोक्यानंतर दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती. “बुदे, सगळं लांब लांब चाललंय,” ती मला म्हणाली; मोठ्या मावशीला आमच्याकडे बुदे म्हणतात. शेजाऱ्याच्या गाडीत घालून आम्ही दवाखाना गाठला, आणि वाटभर मी वाकिदीवर तोंड सोडलं होतं, कारण गप्प बसले असते तर रडले असते.

दवाखान्यात रविवारी बाई नसतात, एक तरुण डॉक्टर होता. त्याने गोळ्यांचं पाकीट मोजलं, एकच कमी होती. एका गोळीने एवढं व्हायला नको, तो पुटपुटला. मग विचारलं, “अख्खी गिळली होती ना?”

“हो जी,” वाकिदी म्हणाला. सवयीने. माझ्यासमोर.

तसा डॉक्टर तिच्या हृदयातच मूळचा काही दोष असेल म्हणून भलतंच विचारू लागला. मी बोलायला हवं होतं. पण खल माझा होता, आणि मी घाबरले. आजही याची लाज वाटते. वाकिदी पोरीच्या तोंडाकडे बघत होता.

“नाही,” तो म्हणाला. “मी कुटून दिली. कळलं म्हणालो, पण मला कळलं नव्हतं.”

डॉक्टर रागावला नाही, त्याला तेवढा वेळच नव्हता. या गोळीने ठोके मंदावतात आणि दिवसभराचा जोर एकदम अंगात गेलाय, एवढं म्हणून त्याने सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं आणि रुग्णवाहिकेतून मोठ्या इस्पितळात पाठवलं. दुपारपर्यंत ठोके सावरले. गिळता येत नाही हे आधीच सांगायचं, दुसरं औषध देता येतं, असं तिथल्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी घरी सोडताना बजावलं.

तुमियातीला यातलं काही सांगू नकोस, ती तिकडे तळमळत बसेल, असं मी म्हटलं होतं. पण त्याने माझ्यासमोरच व्हिडिओ कॉलवर तिला सगळं सांगितलं, कुटण्यापासून खोटं बोलण्यापर्यंत.

“इथल्या म्हातारीलाही असलीच एक गोळी आहे,” ती म्हणाली. “कुटायची नाही म्हणून डबीवर चिठ्ठी लावलीय. मी रोज सकाळी तिला अख्खी देते, तोंड उघडायला लावून बघते. मला एकदा विचारायचंत हो.”

वेनिंगने वाकिदीच्या हातातून फोन घेतला.

“आई, म्हातारीला कशी गिळायला लावतेस? मला दाखव ना.”

तिकडे तुमियातीने पाण्याचा पेला उचलला.