काकी पाया पडली नव्हती

रविवारच्या पुरवणीत पाककृती आणि राशिभविष्याच्या मधे जी कथा असते, ती तुमच्या पेपरातल्या कुणी लिहिलेली नसते. ती पुण्याहून येते, तयार पानं पुरवणाऱ्या एका संस्थेकडून. तीच कथा त्याच सकाळी लातूरला छापलेली असते, जळगावला असते, वाशीमला असते. सोबतचं वांग्याचं भरीतही तेच आणि तुमच्या राशीला होणारा धनलाभही तोच. पेपरवाल्यांनी वर आपलं नाव घालायचं, खाली जाहिराती बसवायच्या, झाली पुरवणी. हे मला ठाऊक आहे, कारण सहा वर्षं त्यातल्या कितीतरी कथा मी लिहिल्या. रोह्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नवरा धाटावच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेला की.

पुण्याच्या त्या संस्थेचे नियम कडक होते. हजार शब्द, त्यात एक जास्त चालणार नाही की एक कमी. लेखिकेचं नाव नाही. आम्ही पाच-सहाजणी एकाच टोपणनावाखाली लिहायचो आणि त्या नावाच्या बाईला वाचकांची पत्रंही यायची म्हणे. आणि गावाचं नाव लिहायचं नाही. जिथं ते यायला हवं तिथं मोकळी जागा सोडायची. मग ज्या त्या पेपरची माणसं आपल्या भागातलं नाव तिथं भरत, म्हणजे वाचकाला वाटतं, ही तर आपल्याच तालुक्यातली गोष्ट! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. माझी एक सासू एकाच रविवारी अकरा गावांत सुनेला छळत होती. हसले, याचीच आता चीड येते. तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता.

काकीची गोष्ट मी तिला विचारून लिहिली. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. आई सतत आजारी, त्यामुळं मला वाढवलं तिनंच. वडखळवरून खाडीकडे आत गेलं की आमचं गाव. तिथल्या मिठागरावर सगळं घर कामाला असे. काकी नव्यानं लग्न होऊन आलेली, एकोणीस-वीस वर्षांची. एकदा मीठ ओढताना तिचा पाय वाफ्यात पडला, खालचा चिखल वर आला, तेवढं मीठ काळं झालं. काकानं सगळ्या माणसांसमोर तिच्या थोबाडीत मारली. काकीनं हातातली मीठ ओढायची फळी बांधावर ठेवली आणि तशीच, ओल्या पायांनी, बांधाबांधानं चालत खाडीपलीकडं माहेरी गेली.

ती आली नाही. पंच गेले, सासरा गेला. सासूच्या पाया पड, नांदायला चल, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. काकी म्हणाली, "मारलंन मिठागरावर. तेव्हा जी मानसं व्हती ती सगली तिथं बोलवा. त्यांच्यासमोर त्यानं बोलावं, चुकला म्हनून. मंग येते." मिठाचा हंगाम संपत आला तरी तिचं हेच. शेवटी काका बांधावर उभा राहिला, खाली बघत का होईना, पण बोलला. आणि काकी आली. त्यानंतर चाळीसेक वर्षं दोघांनी चांगला संसार केला. काका असेपर्यंत स्वतःच ही गोष्ट सांगायचा, वर हसायचा. गावात कुणाची पोर रडत माहेरी आली की बायका म्हणायच्या, जा, काकीला विचार.

"लिहू का गं?" मी विचारलं होतं.

"लिव गो. खोटं थोडंच हाय?" ती म्हणाली.

मी लिहिली. पाठवली. दोन दिवसांनी संस्थेतल्या संपादक बाईंचा फोन आला. आवाज गोड, साखरेत घोळलेला. "कथा छानच आहे हो. मिठागराचं अगदी फ्रेश आहे. पण शेवट जरा जड होतो. रविवारी सकाळी चहा घेत वाचतात लोक. तिला येऊ द्या ना घरी, पडू द्या सासूच्या पाया. सासूच्याही डोळ्यांत पाणी. कुटुंबाचं असं काही असलं की पेपरवाले लगेच घेतात."

मी म्हटलं, "बघते."

बघायचं काय होतं त्यात? वीस मिनिटं लागली. काकाला बांधावरून उतरवला आणि काकीला उंबऱ्यावर वाकवली. सासूच्या डोळ्यांत पाणी आणलं. तेही दोन वेळा आणलं, कारण हजार शब्द भरत नव्हते. पाठवण्याआधी एवढं मात्र विचारलं, की रायगडात कुठं छापून येणार नाही ना? "नाही हो, रायगडात आपला एकही पेपर नाही." झालं, माझं मन शांत. लातूरला कुठं कळणार होतं काकी कोण ते.

पुढं पाच-सहा महिन्यांनी संस्थेनं पेणचा, म्हणजे रायगडातलाच, एक पेपर धरला. मला सांगायची गरज कुणालाच वाटली नाही. जुन्या कथा नव्या गिऱ्हाइकाला पुन्हा विकायच्या, हा त्यांचा रिवाजच. मोकळ्या जागेत काय भरलं असेल? पेणच्या ऑफिसात पान लावणाऱ्या बाईनं खोलीत विचारलं, मिठागराचं एखादं गाव सांगा. कुणीतरी आमचं सांगितलं म्हणे.

काकीचाच फोन आला. "गो, तू लिवलंस ते पेपरवाल्यांनी बदललंन. मना पाया पडायला लावलंन. तू ये आनि त्यांना सांग बगू."

 काकीला वाचता येत नाही, तिला नातीनं वाचून दाखवलं होतं. आणि तिच्या मनात माझ्याबद्दल शंकासुद्धा आली नव्हती. मी "हो, हो" करत राहिले. मग तिनं पुढचं सांगितलं.

ही नात म्हणजे माझ्या चुलतभावाची, काकीच्या मुलाची मुलगी, खांब गावात दिलेली. तीन आठवड्यांपूर्वी नणंदेच्या साखरपुड्यात, भर पाहुण्यांत, नवऱ्यानं तिच्या मुस्काटात मारली होती. कारण काय, तर पाहुण्यांना सरबत द्यायला उशीर झाला. पोर तडक माहेरी आली आणि आजीसारखीच अडून बसली. ज्या पाहुण्यांसमोर मारलं त्यांच्यासमोर बोल, मग येते. सासरची माणसं बोलणी करायला आली तेव्हा तिचा सासरा शर्टाच्या खिशातून पेपरचं पान काढूनच बसला. त्यात गावाचं नाव होतं, मिठागर होतं, बांधावर ठेवलेली फळी होती. "हिची आजी तर पाया पडली व्हती. मंग हिला काय सोनं लागलंय?" काकी म्हणाली, खोटं आहे ते. तो म्हणाला, छापलेलं खोटं कसं असेल?

माझा चुलतभाऊ गप्प बसला. आपल्या आईनं काय केलं होतं हे त्याला लहानपणापासून माहीत, तरी छापील कागद बघून तो गप्प! मुलगी घरी बसलीय म्हणून त्याला झोप नव्हती, त्याला हवंच होतं काहीतरी. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं. तोवर पेपरात खरं छापून यावं, एवढंच काकीचं मागणं होतं. "छापून आला का मंग त्यांचा तोंड बंद व्हईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं पेणला गेले. हायवेनं हाडं खिळखिळी केली, पण त्याचं काही वाटलं नाही, इतकी मी तापलेली होते. वाटेत मनातल्या मनात भांडण पाठ केलं. पेपरचे संपादक सज्जन निघाले, हेच वाईट झालं. त्यांनी चहा मागवला. "ताई, आमच्याकडं तयार पान येतं. आम्ही गावाचं नाव तेवढं घालतो. आता खुलासा छापायचा तर कुणाच्या नावानं? तुमचं नाव वर नाहीच. पुण्याकडून पत्र आणा, लगेच छापतो."

तिथूनच पुण्याला फोन लावला. संपादक बाईंचा आवाज तसाच गोड. "अहो, कथा काल्पनिक असते. काल्पनिक कथेचा खुलासा कसा छापणार?" मी आवाज चढवला, तुम्हीच शेवट बदलायला लावलात म्हटलं. त्या जराही चिडल्या नाहीत. "मी सुचवलं फक्त. बदललात तुम्ही. तुमची मेल आहे माझ्याकडं. 'आता बरा झालाय शेवट' असं लिहिलंयत तुम्ही."

लिहिलं होतं मी तसं. अक्षरन् अक्षर.

मी संपादकांच्या चहाला हात न लावता खाली उतरले आणि पेणच्या स्टँडवर बराच वेळ उभी राहिले. राग तर मावत नव्हता. पुण्याच्या बाईवर, पान लावणारीवर, शर्टाच्या खिशात पेपर घालून फिरणाऱ्या त्या सासऱ्यावर, चुलतभावावर. सगळ्यांवर राग काढून झाल्यावर जे उरलं ते अगदी सोपं होतं. पेपरात काही छापायची गरज नव्हती. रविवारी गावात जायचं, सगळ्यांच्या मधे बसायचं आणि म्हणायचं, ही गोष्ट मी लिहिली, शेवट खोटा आहे, तो मी माझ्या हातानं घातला. पाच मिनिटांचं काम. स्टँडवरून सरळ वडखळला उतरून काकीला आधी सांगता आलं असतं. मी रोह्याची गाडी पकडली.

आणि रविवारी मी गेले नाही.

कारणं पुष्कळ होती. नवऱ्याची डबल शिफ्ट होती. धाकट्या मुलीची परीक्षा होती. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. गावात मी शिकलेली, पेपरात लिहिणारी. त्या पोरीच्या सासरच्या माणसांसमोर, चुलतभावासमोर मी कुठल्या तोंडानं सांगणार, की घरातल्या बाईला मी पाया पडायला लावलं? शनिवारी काकीला फोन केला आणि म्हटलं, "काकी, पेपरवाले ऐकत नाहीत." ती म्हणाली, "बरं." एवढंच. नातीला फोन करायचा धीर झाला नाही. तिलाही हेच खोटं सांगावं लागलं असतं.

रविवारी पोर सासरी गेली. बापानं हात जोडले, सासऱ्यानं पुन्हा पान काढलं, कुणीतरी म्हणालं, आजी पडली होती त्यात काही कमीपणा आहे का? आजीनं ओरडून सांगितलं, मी पडले नाही. म्हातारीचं आता काय ऐकायचं, असं सगळ्यांचं झालं. पोर खांबला गेली आणि उंबऱ्यावरच सासूच्या पाया पडली, नवऱ्याच्याही पडली. साखरपुड्याला आलेले पाहुणे बोलावलेच होते म्हणे. त्यांच्यासमोर. तिनं मागितलं होतं तसंच सगळं झालं, फक्त वाकली ती.

हे मला चुलतभावानं फोनवर सांगितलं. आवाजावरून त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. मी फोन ठेवला आणि ओट्यावरचं पातेलं उचलून भिंतीवर मारलं. पातेल्याला पोचा पडला, बाकी काही झालं नाही. पुण्याला कळवलं, यापुढं लिहिणार नाही. त्यांचं उत्तर आलं, "ठीक आहे, शुभेच्छा." त्यांना आणखी पाच जणी होत्या.

नंतरच्या आठवड्यात मी गावाला गेले. काकी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून तिनं सूप जरा बाजूला सरकवलं, बसायला जागा केली. चहा करू का विचारलं. मी नको म्हटलं. मी तिच्यासमोर बसले आणि एकदम बोलून टाकलं, नाहीतर परत धीर झाला नसता.

"काकी, शेवट पेपरवाल्यांनी नाही बदलला. मी बदलला."

तिचे हात चालूच होते. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणणार तेवढ्यात तिनं वर बघितलं.

"तुना कुनी मारलंन?"

"नाही."

"धमकी दिलंन?"

"नाही."

"घरात काय बोलले? नवरा बोलला?"

"त्याला माहीतच नव्हतं."

 तिला खरंच कळत नव्हतं. मला सोडवायला तिला काहीतरी कारण हवं होतं, आणि ते ती माझ्याकडंच मागत होती.

"मंग?" ती म्हणाली.

"फोन आला होता, काकी," मी म्हटलं. "नुसता फोन आला होता."