राजाची उडी

त्या वर्षी पाडव्यापासून मी एकही डाव हरलो नव्हतो, आणि म्हणूनच मला कुठे बसवत नव्हतं. जिंकल्यावर माणूस निवांत होतो असं ज्यांना वाटतं, ते कधी जिंकलेले नसावेत. ठाण्याच्या तळ्याकाठच्या देवळात मी सगळ्या वकील मंडळींना एकामागून एक हरवलं. वैशाखात मुलीकडचे लोक मला लग्नाची खास बोलावणी धाडत, कारण वरपक्षात बुद्धिबळाचा तोरा मिरवणारा कुणीतरी असायचाच, आणि त्याला मी प्याद्याने मात केली की मुलीकडच्यांना जेवण गोड लागे. वजिराने केलेली मात कुणीही करतो. आमच्याकडे मान प्यादेमातीला. माजिवड्याचा मिठागरवाला पाटील तर हरला की लगेच पट पुन्हा मांडायला लावी, आणि पुन्हा हरे. खडवलीला नदीकाठी उतरलेल्या एका बैराग्याची कीर्ती ऐकून मी आगगाडीने तिथे गेलो, दुपारच्या आत त्याला हरवलं आणि नदीत पायसुद्धा न बुडवता परत आलो.

घरी माझा पाय सतत हलत असे. कचेरीत नकला उतरवतानाही हले, संध्येला बसल्यावरही हले. एकदा जेवताना वरणाची वाटी उचलून मी लिंबाच्या पलीकडे ठेवली, तेव्हा बायको म्हणाली की आता तिथून कुणाला शह बसला तेही सांगून टाका. मी हसलो नाही. मला खरंच एक जागा दिसली होती.

अशात बातमी आली की मुंबईला साहेब लोक आणि काही पारशी शेठजी मिळून बुद्धिबळाचे सामने भरवणार आहेत, आणि ठाणे जिल्ह्यातून एका खेळाडूला बोलावणं आहे. मला जायचं होतं. खाडीच्या अलीकडे पहिलं असणं मला पुरेनासं झालं होतं. आपण खरोखर खेळतो की नुसते पाटलांना हरवतो, हे एकदा कळायला हवं होतं.

अट एवढीच, की डाव इंग्रजी पद्धतीचा. आमचं प्यादं एकेक घर चालतं, त्यांचं पहिल्या खेपेला दोन घरं पळतं. आमच्या राजाला एकदाही शह बसलेला नसेल, तर त्याला घोड्यासारखी अडीच घरांची एक उडी मारता येते. त्यांच्या राजाला उडी नाही. तो हत्तीच्या आडोशाला जाऊन बसतो. मला ते पळपुटेपणाचं वाटलं, पण शिकलो. शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांकडे इंग्रजी नियमांचं पुस्तक होतं. श्रावणभर मी त्यांच्या ओटीवर ठाण मांडून होतो. भाद्रपदात ते मला बघून आत जाऊ लागले.

मुंबईला कोण जाणार याचा निवाडा दिवाळीनंतर कल्याणला ठरला. माझ्यासमोर तिथले एक वृद्ध वैद्य होते. कल्याणपासून पुढे त्यांना कुणी हरवलेलं नव्हतं, आणि तेही माझ्यासारखेच नियम नव्याने शिकून आले होते. पंच म्हणून मास्तर बसले. देवळाच्या सभामंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

वैद्यबुवा शांत खेळत. एखादी खेळी सुचली तरी आधी उपरणं सावरत, मग हात पुढे करत. मला ते सहन होत नव्हतं. तरी डाव माझ्या बाजूने वळत होता. त्यांचा हत्ती माझ्या राजाच्या रोखाने येऊ लागला, तेवढ्यात मला वाट दिसली, आणि मी राजा उचलून अडीच घरं पलीकडे ठेवला.

मंडपात वाहवा झाली. वैद्यबुवांनी मान डोलावली आणि ते उत्तराची खेळी शोधू लागले. त्या सगळ्या गर्दीत फक्त मास्तर पटाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मग माझ्या ध्यानात आलं: इंग्रजी डावात राजाला उडीच नाही.

नियम असा, की हात लावला तो मोहरा हलवायलाच हवा. राजाला एकच घर मोकळं होतं, आणि तिथे वैद्यबुवांचा घोडा शह देऊन माझा वजीर उचलणार होता. वैद्यबुवा म्हणाले की त्यांची काही हरकत नाही, राजाची उडी त्यांना मान्य आहे; खेळी सुंदर आहे.

मास्तर म्हणाले, "मान्य असेल तर खेळा. पण मग हा आपला देशी डाव झाला. मुंबईला कुणीच जाणार नाही."

देशी डाव मी जिंकलाच होता. माझं वर्ष तसंच निष्कलंक राहिलं असतं. मी राजा उचलला आणि त्या एकुलत्या एक घरात ठेवला. वजीर गेला. तरीही मी जिवाच्या करारावर खेळलो, कारण मुंबई अजून पटावर होती. दिवेलागणीच्या सुमारास मला मात झाली. प्याद्याने नव्हे, तेवढी दया त्यांनी केली.

लोक पांगले. मी मोहरे पेटीत भरत होतो. मला रडू येत होतं, हे लपवायचं कारण नाही. वैद्यबुवा शेजारी येऊन बसले.

"तुम्ही मुंबईला चला माझ्याबरोबर," ते हळूच म्हणाले. "तुमच्या उडीनंतर मी काय शोधत होतो, ठाऊक आहे? माझ्या राजाची उडी. तिथेही माझा हात राजाकडे जाणार. रोज रात्री माझ्याशी खेळा, आणि गेला की हातावर मारा."

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. ज्या पटापुढे मला बसायचं होतं, तिथे हा बसणार, आणि मी त्याच्या हातावर मारायला जाणार. पण मला काय झालं होतं, हे त्या मंडपात त्याच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

पेटी बंद करून मी विचारलं, "गाडी किती वाजता आहे?"