द्वारकामाय आणि माझी व्हर्बिना

द्वारकामाय आमच्या कुंपणातून यायची, फाटकातून नव्हे. फाटक दहा पावलांवर होतं, त्याला कुलूप नव्हतं, कडीही सैल होती. पण एवढ्या वर्षांच्या शेजारात तिने कुंपणात स्वतःपुरती एक फट पाडून ठेवली होती, आणि सकाळी मी शाळेची पिशवी भरत असताना ती त्या फटीतून अवतरायची. हातात तांब्याचा गडवा. त्यात देवाच्या आंघोळीचं पाणी, थोडं दूध, थोडं गंध, सोमवारी मधसुद्धा. ते सगळं ती माझ्या व्हर्बिनाच्या डोक्यावर ओतायची, वाकून गुच्छातली दोन टवटवीत फुलं खुडायची आणि आल्या वाटेने निघून जायची. माझी परवानगी हा विषय तिच्या मनात कधी आलाच नाही.

मी गणिताचा मास्तर. पेडण्याला शाळा, इब्रामपुरात घर, आणि व्हर्बिना हा माझा एकुलता एक शौक. डिचोलीच्या एका रोपवाटिकेतून मी बियांची पाकिटं आणायचो. ही बी फार आळशी. काळोखात झाकून ठेवली तरी तीन तीन आठवडे तोंड दाखवत नाही. पण एकदा रोप उभं राहिलं की त्याच्या मागण्या थोड्या. दिवसभर ऊन हवं, निचऱ्याची माती हवी, पाणी मुळाशी आणि तेही माती सुकल्यावर. पानं ओली राहिली की भुरी आलीच. हे मी द्वारकामायला किती वेळा सांगितलं असेल, त्याची मोजदाद गणिताच्या मास्तरालाही जमायची नाही.

"माय, वयसून पाणी ओतू नको गे. पानां पिठाळतत."

"देवाचां तीर्थ तां. तेणां झाड मरणा नाय."

"मग दूध तरी घालू नको. मुंगयो येतत."

"मुंगयांका पोटां नाय?"

मी पिशवी उचलून बस गाठायचो आणि पहिल्या तासाला मुलांवर उगाच खेकसायचो.

व्हर्बिनाचे शेंडे वेळेवर खुडले तर झाड पसरतं, आणि सुकलेले गुच्छ काढले तर पुन्हा फुलतं. मी कात्री घेऊन बसलो की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "वाढत्या झाडाक मोडू नये रे, मास्तरा. कशी तुझी बोटां वळतत?" हे बोलणारी बाई त्याच झाडाची रोज दोन फुलं नेत होती. आणि तीही चांगली बघून! कडेचं, किंचित मलूल झालेलं फूल तिला कधी चाललं नाही.

ती फुलं कौलासाठी असत. आमच्याकडे देवाला काही विचारायचं असेल तर ओल्या बोटाने त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवतात आणि हात जोडून बसतात. उजवं आधी पडलं तर होकार, डावं आधी पडलं तर नकार. द्वारकामायचा नवरा देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा. तो गेल्यावर ती घरच्या देवाशी स्वतःच बोलू लागली. काय विचारतेस म्हणून मी एकदा डोकावलो, तर म्हणाली, "तां माझां आणि देवाचां. तू तुझी गणितां बघ."

त्या जानेवारीत व्हायचं तेच झालं. साऱ्या कुंड्यांवर पीठ शिंपडल्यासारखी भुरी पसरली. मी चिडून सगळी झाडं निम्म्यावर कापली आणि वर गंधकाची भुकटी मारली. दुसऱ्या दिवशी द्वारकामाय गडवा घेऊन आली आणि त्या बोडक्या कुंड्यांसमोर उभीच राहिली. "आता मी काय लावू?" तिने विचारलं. मी म्हणालो, "देवाक चार दिस सुटी दी." ती आमच्या पायरीवर मटकन बसली. तिचा चेहरा इतका घाबरलेला होता, की दिवसभर फळ्यावर माझी गणितं चुकत राहिली. संध्याकाळी मी पेडण्याच्या बाजारातून फुलावर आलेल्या दोन कुंड्या घेऊन आलो. बायको हसली. मला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

तिचा मुलगा विनायक मुरगावला बंदरात क्रेन चालवतो आणि तिथेच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. महिन्यातून एका रविवारी स्कूटरवरून येतो. फेब्रुवारीत आला तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. "सर, आई दोनदा न्हाणयेत पडली. मी न्हेतंय म्हणतंय तर ती म्हणता, देव कौल देणा नाय. दीड वरीस झालां. देवच नको म्हणता तर मी कसो न्हेव?" बिचाऱ्याचा देवावर विश्वास होता आणि आईवरही.

पुढच्याच आठवड्यात तिचा पाय सुजला. तिला कुंपण ओलांडता येईना, म्हणून मी फुलं पोचवायला गेलो आणि तिथेच टेकलो. तिने फुलं चिकटवली, डोळे मिटून पुटपुटली. उजवं पडलं. तिने ते उचलून बाजूला टाकलं. "हां परदेशी फूल रे. तेका आमचां गाऱ्हाणां कळणा नाय." पुन्हा चिकटवलं. पुन्हा उजवंच पडलं. तिसऱ्या खेपेला डावं पडलं, तेव्हा ती समाधानाने हात जोडून म्हणाली, "नको म्हणता."

माझं डोकं सणकलं. दीड वर्ष माझी झाडं कशासाठी ओरबाडली जात होती, ते मला तेव्हा कळलं. तिच्या दारातच पिटकोळीचं झुडूप लाल गुच्छांनी लगडलं होतं, आणि कौलाला सारा गाव पिटकोळीच लावतो. मी म्हणालो, "माय, ती पिटकोळी लाव मगे."

ती सुजलेला पाय चोळू लागली. मग म्हणाली, "तेचां माका ऐकूचां लागात. पंचावन वर्सां ह्या घरात चूल पेटवतंय, मास्तरा. थंय तिसऱ्या माळयार मी काय करू? जनेलातसून बोटी बघू?"

मी तणतणत घरी आलो. ही बाई देवाला फसवते, पोटच्या पोराला फसवते, आणि या फसवाफसवीला झाडं माझी! विनायकला सगळं सांगून टाकायचं मी पक्कं ठरवलं. सांगितलं मात्र नाही. उलट मे महिन्यात मी वीतभर लांबीच्या वीस फांद्या कापल्या, खालची पानं काढून त्या वाळूत खोचल्या आणि कुंड्या पडवीत आत ओढून ठेवल्या. आमच्या पावसात व्हर्बिना उघड्यावर जगत नाही. ती मेली तर द्वारकामायला पिटकोळीपुढे हात जोडावे लागले असते. जुलैपर्यंत पाच जगल्या, श्रावणात एक. कुंडी उन्हाच्या तिरिपेमागे फिरवत मी पडवीभर नाचत होतो. त्या एकीला कसाबसा एक गुच्छ आला. आणि ही बाई त्यावरही गडवा घेऊन हजर! तेव्हा मात्र मी ओरडलो, "माय, हां एक मेलां तर तुझी तू बघ!" तिने गडवा तुळशीत रिकामा केला.

त्यानंतर आठवड्याभराने ती तिसऱ्यांदा पडली. माझी बायको डाळ द्यायला गेली म्हणून कळलं. तोवर तासभर ती न्हाणीच्या ओल्या फरशीवर पडून होती. हाड मोडलं नव्हतं, पण हाक मारून मारून घसा बसला होता. मी विनायकपासून लपवलेली गोष्ट तिला किती महाग पडली असती, या विचाराने मला धड जेवण गेलं नाही.

सकाळी मी त्या शेवटच्या गुच्छातली दोन फुलं घेऊन तिच्याकडे गेलो. तिने ती हातात घेतली, बघितली, आणि मला परत दिली.

"बरी जगवलंस रे," ती बसक्या आवाजात म्हणाली. "पण आज ती नको. पिटकोळी हाड."

मी पावसात जाऊन पिटकोळीची दोन फुलं आणली. तिने ती चिकटवली आणि या वेळी मोठ्याने विचारलं, "देवा, जाव मी पोराकडे?" बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी त्या डाव्या फुलाकडे असा टक लावून बघत होतो, की जणू बघून ते पडणार होतं. उजवं पडलं.

"विनायकाक फोन लाव," ती म्हणाली.

मी, आयुष्यभर या कौलाला हसलेला माणूस, तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. "माय, फूल पावसात भिजलेलां. जड होऊन पडलां तां. परत एकदा लाव. एकदाच."

तिने पदराने देवाचा खांदा पुसला.

"देवाक दोनदां विचारूचां नसतां रे, मास्तरा."