भिंतीपलीकडची मॅच

मॅचेस नीट चालू असतात तेव्हा किस्से जमत नाहीत. स्कोअर सांगितला की माणूस मोकळा होतो. किस्से जमतात ते मॅच बघायला मिळत नाही तेव्हा. दोन हजार वीस आणि एकवीसमध्ये डब्लिनमधल्या आमच्या चौघांच्या ग्रुपने फुटबॉल फारसा पाहिला नाही, किस्से मात्र ढीगभर जमवले. आता भेटलो की सांगायला मलाच बसवतात, कारण बाकीचे तिघे स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतात.

चौघं म्हणजे मी, सँडीफोर्डला सॉफ्टवेअरवाली. ओंगारला राहणारा शिरीषदादा, औषधांच्या कारखान्यात व्हॅलिडेशन इंजिनिअर. म्हणजे मशीन चालतंय हे सगळ्यांना दिसत असताना ते चालतंय असं कागदावर सिद्ध करणारा माणूस. त्याची बायको मेधावहिनी. आणि दादाचे वडील नाना, कोल्हापूरचे. नाना फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले.

ज्या माणसाने आयुष्यभर कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल टीमसाठी गॅलरीत ऊन खाल्लं, तो नेमका फुटबॉलच्या देशात आला आणि स्टेडियमला कुलूप. दादाच्या घराजवळ एक छोटा क्लब आहे, खालच्या डिव्हिजनमध्येही खालून मोजायला सोपा पडणारा. तो आमचा क्लब. नानांचं एकच म्हणणं होतं, "जायच्या आदी एक मॅच आत बसून बगायची. मग न्हेऊ दे इमानानं कुटंबी."

*

माझं आणि दादाचं भांडण पहिल्यापासून एकच. त्याचं म्हणणं, आपण तिकीट काढायचं, खेळायचं काम खेळाडूंचं. माझं म्हणणं, मैदानातलं वातावरण ही प्रेक्षकांची जबाबदारी आहे, आणि मैदान बंद आहे म्हणून जबाबदारी बंद होत नाही. म्हणून मॅचेस प्रेक्षकांविना सुरू झाल्या आणि क्लब त्या इंटरनेटवर दाखवू लागला, तशी मी फर्मान काढलं: सगळ्यांनी क्लबचा स्कार्फ घालून व्हिडिओ कॉलवर यायचं, उभं राहून मॅच बघायची, गाणी म्हणायची.

पण ओंगारचं इंटरनेट सँडीफोर्डच्या पुढे धावत होतं. माझ्या स्क्रीनवर आमचा स्ट्रायकर बॉल घेऊन मोकळा सुटलेला असायचा आणि कॉलवर दादा कपाळ बडवून घेत असायचा. मी नियम केला, ज्याचं नेट फास्ट त्याने चेहरा हलवायचा नाही.

पुढच्या मॅचला तिघेही पुतळ्यासारखे उभे. शेवटची मिनिटं, बरोबरी, आणि कॉलवर लांबलचक शिट्टी ऐकू आली.

"दादा, पेनल्टी? सांग ना, पेनल्टी मिळाली?"

"नाही," दादा चेहरा न हलवता म्हणाला, "डाळ झाली."

*

मग क्लबने रिकाम्या मैदानात प्रेक्षकांचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचं ठरवलं आणि लॅपटॉपवर बसायला स्वयंसेवक मागितला. मी दादाचं नाव परस्पर दिलं. आत जाता येणारा आमच्यातला पहिला माणूस तो. नाना आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाहीत.

दादाने ते काम कारखान्यातल्यासारखंच घेतलं. एसओपी लिहिली, म्हणजे कुठल्या वेळी नेमकं काय करायचं त्याची पायरीवार पद्धत. एक नंबर बटण, साधी कुजबुज. दोन नंबर, गोल झाल्यावर जल्लोष. तीन नंबर, रेफरीला शिव्या. मला वाचायला पाठवली. मी कंटाळून पहिल्या पानावरच "ओके" कळवलं.

पहिल्याच मॅचला समोरच्या टीमने गोल मारला आणि आमचं रिकामं मैदान आनंदाने वेडं झालं. त्यांचा स्ट्रायकर क्षणभर गोंधळला, मग त्याने आमच्या रिकाम्या स्टँडला वाकून नमस्कार केला.

"दादा, त्यांच्या गोलला टाळ्या?"

"एसओपीत लिहिलंय, गोल झाला की दोन नंबर. कुणाचा गोल ते लिहिलेलं नाही."

"मग ती लिहिली कुणी?"

"मी. पण मंजूर कुणी केली?"

*

खुर्च्या फारच ओस दिसतात म्हणून क्लबने चाहत्यांचे पुठ्ठ्याचे फोटो बसवायला घेतले. मेधावहिनींनी गुपचूप नानांचा फोटो पाठवला. चांगला असा एकच होता, दादाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. पुढच्या मॅचला कॅमेरा फिरला आणि कॉर्नरच्या झेंड्यामागे नाना दिसले, एवढे मोठे, गंभीर चेहऱ्याचे.

वहिनींना वाटलं, खूश होतील. नाना टीव्हीजवळ गेले, नीट पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, आमच्याकडं मानूस गेल्यावर फोटू लावत्यात."

वहिनींचा चेहरा उतरला. नानांनी मग स्वतःच निकाल दिला.

"ऱ्हाऊ दे. मी न्हाई तर न्हाई, फोटू तरी आत गेला. हार तेवडा घालू नका म्हनावं."

*

मैदानाच्या मागे एक उंचवटा आहे, त्यावरून भिंतीपलीकडचं अर्धं मैदान दिसतं. निर्बंध थोडे सैल झाल्यावर मी नानांना तिथे घेऊन गेले. तिथे पॅट नावाचे एक आजोबा आधीच उभे होते, जन्मापासून या क्लबचे. नानांना इंग्रजी येत नव्हतं आणि पॅटना मराठी, त्यामुळे त्यांचं फार पटकन जमलं.

आत शांतता, त्यामुळे नानांचा आवाज थेट गोलकीपरपर्यंत जायचा. "आरं ए, खांबाला टेकून काय हुबा ऱ्हायलाईस, बॉल तुज्या सासऱ्यानं अडवायचा व्हय?"

मॅच संपल्यावर गोलकीपर बाहेर आला आणि त्याने विचारलं, हे काका मला काय सांगत होते? मी म्हटलं, तुझ्या घरच्यांची चौकशी करत होते. त्याला फार बरं वाटलं. तेव्हापासून तो उंचवट्याकडे बघून हात करायचा.

एकदा एक गार्डा, म्हणजे इथला पोलीस, आला. गर्दी करू नका म्हणाला. मी त्याला प्रेक्षकांच्या जबाबदारीवर छोटंसं भाषण दिलं. त्याने शांतपणे ऐकलं. "ग्रँड," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, "पण चालत राहा. व्यायामाला परवानगी आहे, उभं राहायला नाही."

म्हणून आम्ही उंचवट्यावर येरझाऱ्या घालत टीमला पाठिंबा देऊ लागलो. नाना वळून परत निघाले, मैदानाकडे पाठ झाली, आणि आमचा गोल झाला. पुढच्या मॅचला परत तेच. पाठ, गोल. पॅटनी नानांकडे बोट दाखवलं, मग बोट हवेत गोल फिरवलं. नानांना बरोबर कळलं.

मी दोघांनाही सांगितलं की हा निव्वळ योगायोग आहे, आणि शिकलेल्या माणसाने असलं काही मनात सुद्धा आणू नये.

"मी कुटं शिकलोय," नाना म्हणाले आणि वळले. तिसऱ्यांदा गोल झाला तेव्हा मी विषय बदलला.

*

एकवीसच्या उन्हाळ्यात थोड्याशा प्रेक्षकांना आत सोडायला सुरुवात झाली. क्लबने सोडत काढली आणि आमच्या ग्रुपला दोन तिकिटं लागली. नानांचं परतीचं विमान त्याच आठवड्यात होतं. दादा आणि वहिनींनी दोन्ही तिकिटं माझ्या हातात दिली. दादा म्हणाला, "तू आणि नाना जा. तुला तिथे ओरडायचंय, त्यांना बघायचंय."

नानांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. आत गेल्यावर खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, हिरवळीकडे बघत राहिले. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण पुरेसे होते. दोन खुर्च्या सोडून पॅट बसले होते.

आम्ही एका गोलने मागे पडलो. मी घसा फाटेस्तोवर गात होते, नाना मात्र गुडघ्यांवर हात ठेवून एकटक बघत होते. दुसरा हाफ निम्मा सरला. पॅटनी एकदा नानांकडे पाहिलं. बोट मात्र उचललं नाही. पटकन मान फिरवली.

नाना उठले.

"नाना, बसा. दीड वर्ष वाट बघितलीत तुम्ही. हा शुद्ध वेडेपणा आहे."

"जबाबदारी, जबाबदारी म्हनून कोन वरडत हुतं? तू का मी?"

आणि ते मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बरोबरी झाली. नाना हलले नाहीत. "कुनी मारला?" मी सांगितलं. "कुटनं?" तेही सांगितलं. दुसरा गोल झाला तेव्हा सगळं स्टँड उठलं. नानांनी भिंतीकडे बघूनच दोन्ही मुठी वर केल्या. अगदी शेवटी समोरच्या टीमला पेनल्टी मिळाली आणि माझं गाणं मध्येच थांबलं.

"काय झालं? आगं सांग की."

"पेनल्टी. त्यांना."

नाना भिंतीच्या आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "तूबी वळ."

मीही भिंतीकडे वळले. मागे पेनल्टी झाली. स्टँड असं गरजलं की एवढ्याशा लोकांत एवढा आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पॅट अंतर राखायचं विसरून धावत आले, मग नियम आठवून थांबले आणि त्यांनी लांबूनच नानांना सॅल्यूट ठोकला.

घरी गेलो तर वहिनी दारातच.

"नाना, शेवटी आत बसून बघितलीत ना? कशी झाली मॅच?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी बूट काढायला खाली वाकले.

"एक नंबर," नाना म्हणाले. "भिंतीला तेवडा रंग द्याया झालाय."