साठच्या दिव्याखालची नऊ पिल्लं

मी आज जो कोणी आहे तो सावंत बाईंमुळे आहे, आणि बाईंची नऊ पिल्लं मी भर उजेडात गारठवली.

मुरबाडकडच्या आमच्या शाळेत बाईंनी मला विज्ञान शिकवलं. त्यांनी धरून बसवलं म्हणून आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो. (तोही भौतिकशास्त्राचा! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) निवृत्तीनंतर बाई आंबिवलीला राहतात आणि अंगणात गिनी कोंबड्या पाळतात. साप दिसला की या कोंबड्या अख्खी आळी गोळा करतात. ऐन थंडीत त्यांची पिल्लं निघाली आणि नेमकं तेव्हाच बाईंना आजारी बहिणीकडे जावं लागलं.

"आठ दिवस सांभाळ," खोकं माझ्या हातात देत बाई म्हणाल्या. "वर साठचा दिवा टांगून ठेव. गारवा लागला की ही एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. बाकी तुला काय सांगायचं, तू पदवीधर!"

एरवी डोंबिवलीची थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर. पण त्या आठवड्यात खरीच पडली. वॉचमनने कानटोपी घातली आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गोखले काका यांनी सकाळचं फिरणं सोडलं!

मी खोक्यावर एलईडी टांगला. पाकिटावर छापलंच होतं, 'साठ वॅटइतका प्रकाश'. आणखी काय हवं?

सकाळी पाहतो तर कोपऱ्यात पिल्लांचा ढीग! मोजली तर सात. पुन्हा मोजली तर दहा. (दहावा माझा अंगठा होता.) मी दुसरा एलईडी लावला. ढीग तसाच. तिसरा लावला. खोक्यात लग्नाच्या हॉलएवढा लखलखाट झाला. पिल्लं थरथरत होती, पण अगदी स्पष्ट दिसत होती!

समोरच्या बाल्कनीतून विचारणा झाली, "काय हो, शूटिंग आहे का?"

तेवढ्यात ढिगाखालचं एक पिल्लू मान टाकून पडलेलं दिसलं. बाईंना काय तोंड दाखवू? चौथा एलईडी आणायला मी चपला घालत होतो, तेवढ्यात आई आली आणि तिने सरळ दिव्यालाच हात लावला.

"आई! भाजेल!"

"भाजतंय कुठं? गार हाय की रे हा! याच्यापरीस माझा हात गरम."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तापत नाहीत म्हणून तुम्हीच घेतलेत ना हे दिवे? दुकानदाराला अर्धा तास समजावत होतात!"

आईने ते पिल्लू पदरात घेतलं. गरम पाण्याची बाटली माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवली आणि मला म्हणाली, "पळ, जुना दिवा आण."

मी पळालो. तीन दुकानं झाली. तिसरा दुकानदार हसला, "पिवळा बल्ब? काका, तो आता कोण ठेवतं?"

मग आठवलं, गणपतीच्या सजावटीचे जुने बल्ब! ते मंडळाच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली गोखले काकांकडे.

"मंडळाचं सामान भाद्रपदाआधी निघत नाही," काका मफलरमधून म्हणाले.

"काका, नऊ जीव आहेत हो!"

"मग अर्ज दे."

दिला! जिन्यात उभ्याने, भिंतीवर कागद टेकवून. काकांनी दोनदा वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि बल्ब दिला. दिवा लागला, तापला आणि अर्ध्या तासात ढीग सुटून पिल्लं खोकंभर पांगली. आईच्या पदरातूनही चिवचिव आली. (काका बल्बची देखरेख करायला म्हणून आले आणि संध्याकाळपर्यंत खोक्यावर हात शेकत बसले.)

बाईंना फोनवरचा निरोप चालत नाही, त्यांना अक्षर बघायचं असतं. म्हणून पत्र लिहिलं:

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.
पिल्लं सुखरूप आहेत. उजेड आणि ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण सातवीत शिकवलं होतं. ते मला काल समजलं. त्या धड्यावर आपण मला वीसपैकी अठरा गुण दिले होते. ते कृपया परत घ्यावेत आणि आईला द्यावेत. ती शाळेत कधी गेली नाही, पण तिचे नऊपैकी नऊ आहेत.

आपला विद्यार्थी
(पदवीधर)